पावसाळ्यातले ताप, जुलाब आणि धाप: पालकांनी काय मोजायचं

शाळा भरून पंधरवडा झाला, राधानगरी-गगनबावड्याकडं पाऊस लागून राहिला आणि नळाला गढूळ पाणी यायला लागलं, की लहान मुलांच्या दवाखान्यातली गर्दी ठरलेली. आधी सर्दी-खोकला, मग जुलाब-उलट्या, मग हातापायांवरचे फोड, आणि पावसानं उघडीप दिली की डेंग्यू. यातले बहुतेक आजार विषाणूंमुळे होतात आणि आपल्या वेळेनं बरे होतात. त्रास वाढतो तो बऱ्याचदा माप चुकल्यामुळे: औषधाचं माप, ओआरएसच्या पाण्याचं माप आणि घरी किती वेळ थांबायचं याचं माप. म्हणून या वेळी लिहितोय ते मोजण्याबद्दल.

आधी आमच्या दवाखान्यातले बदल. पावसाळा संपेपर्यंत लसीकरण फक्त सकाळी, १० ते १२ या वेळेत. त्या वेळी तापाची आणि जुलाबाची मुलं लसीच्या बाळांशेजारी बसवली जाणार नाहीत, त्यांची जागा वेगळी आहे. अंगावर पुरळ किंवा फोड असतील तर नंबर लावतानाच सांगा, थेट बाजूच्या खोलीत घेतलं जाईल. गोवर हवेतून पसरतो, आणि रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत त्याचा विषाणू तिथल्या हवेत राहू शकतो. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना गोवराची लस अजून मिळालेली नसते, त्यामुळे एवढी काळजी घ्यावीच लागते. येताना लसीकरणाचं कार्ड आणि घरात चालू असलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या घेऊन या. "ते गुलाबी औषध दिलंय" यावरून काही कळत नाही, पॅरासिटामॉलही गुलाबी असतं आणि अँटिबायोटिकही. व्हॉट्सॲपवर पुरळाचा फोटो टाकून औषध मागू नका. फोटोत रंग बदलतो, आणि काच दाबल्यावर डाग फिका पडतो की तसाच राहतो, हे फोटोवरून बघता येत नाही. न फिकणारा डाग आणि सोबत ताप असेल तर मूल समोरच पाहिजे, आणि लगेच.

यापुढं प्रत्येक चिठ्ठीवर मुलाचं त्या दिवशीचं वजन लिहिलेलं असेल. तो आकडा लक्षात ठेवा, कारण मुलांच्या औषधाचं माप वयावर नाही, वजनावर ठरतं.

तापापासून सुरुवात करू. १००.४ फॅरनहाइट आणि त्याच्या वर म्हणजे ताप. हात लावून "अंग कोमट लागतंय" हे माप नव्हे. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, काखेत घाम पुसून टोक नीट मध्यभागी धरा, दंड अंगाला घट्ट लावा आणि बीप होईपर्यंत सोडू नका. आकडा वेळेसह कागदावर लिहा.

तापाला पॅरासिटामॉल पुरतं. एका वेळचा डोस दर किलोला १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत शक्यतो सहा तास (चारपेक्षा कमी कधीच नाही), आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. खरी गफलत पुढं आहे. बाजारात हे औषध किमान तीन ताकदींत मिळतं. तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये साधारण एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. साध्या सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा १२५, आणि त्याच नावापुढं २५० किंवा डीएस लिहिलेल्या बाटलीत ५ मिलीत २५०. आता १० किलोचं मूल घ्या. त्याला एका वेळी १५० मिलिग्रॅम हवं. म्हणजे ड्रॉप्स असतील तर दीड मिली, १२५ चं सिरप असेल तर ६ मिली, २५० चं असेल तर ३ मिली. तिन्ही बरोबर. पण "मागच्या वेळी सहा मिली दिलं होतं" म्हणून ड्रॉप्सची बाटली ६ मिली ओतली, तर पोटात ६०० मिलिग्रॅम गेलं, चौपट. असं दिवसभर चाललं तर यकृतावर येतं. उलट, ड्रॉप्सच्या हिशेबानं सिरप दीड मिली दिलं तर ताप उतरत नाही आणि घरचे अधिक जोराचं औषध मागायला येतात. म्हणून बाटली हातात घेतली की आधी ताकद वाचा, मग मिली काढा. सर्दीच्या मिश्र औषधांतही अनेकदा पॅरासिटामॉल असतंच. ते आणि तापाचं औषध एकत्र दिलं तर डोस दुप्पट होतो.

स्वयंपाकघरातला चमचा वापरू नका. कुठला ३ मिलीचा असतो, कुठला ७ चा. बाटलीबरोबरचं टोपण किंवा सुई काढलेली ५ मिलीची सिरिंज घ्या. सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला धरून थोडं थोडं सोडा, सरळ घशात मारलं तर ठसका लागतो.

औषध दिल्यावर अर्ध्या-एक तासानं ताप एक-दोन अंशांनी उतरतो. तो पूर्ण ९८ वर यायलाच हवा असं काही नाही. तेव्हा आकड्यापेक्षा मुलाकडं बघा. ताप उतरल्यावर पाणी मागतंय, इकडंतिकडं बघतंय, खेळण्याला हात लावतंय, तर थांबायला हरकत नाही. ताप उतरलाय आणि तरी मूल मलूल पडून आहे, मान टाकतंय, उठवलं तरी नीट बघत नाही, तर १०० ताप असला तरी घेऊन या. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला मात्र हा नियम लागू नाही. त्याला १००.४ ताप दिसला की घरी कुठलंही औषध न देता त्याच वेळी दाखवायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. या वयात रक्तातला जंतुसंसर्ग आणि साधा ताप वरून सारखेच दिसतात.

पुसून घ्यायचं तर कोमट पाण्यानं. बर्फ, गार पाणी, कोलन वॉटर नको. त्यानं कातडीच्या रक्तवाहिन्या आवळतात, थंडी वाजून आतला ताप उलट वाढतो. स्वेटर, कानटोपी आणि दोन गोधड्या काढून टाका. आज्जींना हे पटवणं अवघड जातं, पण तापलेल्या अंगाला उष्णता बाहेर टाकायला वाट लागते.

मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन ही औषधं पावसाळ्यात स्वतःहून देऊ नका. ताप डेंग्यूचा निघाला तर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. ॲस्पिरिन तर मुलांच्या तापाला अजिबात नाही. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी २०११ पासून आपल्या देशात बंदी आहे. तरी मोठ्यांसाठी आणलेली गोळी पाव करून मुलाला दिल्याचं अजून दिसतं.

तापात झटका येणं हा पालकांना सगळ्यात जास्त घाबरवणारा प्रकार. सहा महिने ते पाच वर्षं या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तो कधी ना कधी येतो. बहुतेक वेळा एक-दोन मिनिटांत थांबतो आणि मेंदूला इजा होत नाही. मुलाला जमिनीवर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर वाहील. गळ्याजवळचं बटण सोडा, घड्याळात वेळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नका. कांदा-चप्पल हुंगवून किंवा हातात किल्ली देऊन झटका थांबत नाही, तो थांबायचाच असतो म्हणून थांबतो. पाच मिनिटांत थांबला नाही, लगेच दुसरा आला, किंवा शरीराच्या एकाच बाजूला आला तर १०८ ला फोन करा. थांबला तरी पहिल्या झटक्यानंतर त्याच दिवशी तपासणी हवी, कारण तापाचं मूळ मेंदूच्या आवरणात नाही ना, हे बघावं लागतं.

ताप तिसऱ्या दिवशीही चढतोय तर रक्त तपासू. डेंग्यूची एनएस-१ तपासणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगाची, अँटिबॉडीची त्यानंतर. डेंग्यूत फसगत होते ती ताप उतरल्यावर. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप जातो, घरात सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नेमक्या त्याच चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत रक्तातलं पाणी रक्तवाहिन्यांबाहेर झिरपायला लागतं. पोट सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, हातपाय गार, लघवी कमी, चिडचिड किंवा गुंगी, यातलं एकही दिसलं तर प्लेटलेटचा रिपोर्ट यायची वाट न बघता दाखल करावं लागतं. पपईच्या पानांचा रस पाजू नका, मुलं तो ओकतात आणि असलेलं पाणीही जातं. घरातली पाण्याची बॅरल, कुंडीखालच्या ताटल्या, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा रिकामा करून घासून कोरडा करा. नुसतं ओतून भागत नाही, डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची अंडी कडेला चिकटलेली असतात.

आता जुलाब. यात मुलाचा जीव धोक्यात येतो तो अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यानं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या बांगलादेशी निर्वासितांच्या छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ आली, सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपांत कालवून रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्यानं खाली आणलं. तेच आजचं ओआरएस. साखरेचा हात धरून मीठ आतड्यात शोषलं जातं आणि मिठामागं पाणी, जुलाब चालू असतानाही. म्हणून त्यातलं प्रमाण हेच औषध आहे.

पाकिटं दोन मापांची मिळतात. मोठं, सुमारे साडेवीस ग्रॅमचं, पूर्ण एक लिटर पाण्यासाठी. छोटं, चार ग्रॅमच्या आसपासचं, २०० मिलीसाठी. दुकानात दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून पाठीवर लिहिलेलं वाचा. मोठं पाकीट एका ग्लासात ओतलं तर ते पाणी इतकं खारट होतं की रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. मोठ्या पाकिटातला "एक चमचा एका ग्लासाला" हाही प्रकार नको, पावडरीतले घटक एकसारखे मिसळलेले असतीलच असं नाही. पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर. माप नसेल तर विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घ्या, उकळून गार केलेलं पाणी मानेपर्यंत भरा, पातेल्यात ओतून पाकीट त्यात ढवळा. त्यात साखर, लिंबू, दूध काही घालू नका, पुन्हा उकळू नका. चोवीस तासांनी उरलेलं टाकून नवीन करा.

रात्री पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात लहान चमच्यानं साखर सहा चमचे आणि मीठ अर्धा चमचा, दोन्ही सपाट, शिगोशीग नाही. पाजण्याआधी स्वतः चाखा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर फेकून पुन्हा करा.

किती पाजायचं? दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, त्यापुढच्या मुलांना १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर एक-दोन मिनिटांनी एक चमचा. इथंच धीर सुटतो. तहानलेलं मूल ग्लास हिसकावून घटाघटा पितं, ताणलेल्या पोटातून सगळं बाहेर येतं, आणि घरचे म्हणतात ओआरएस पचत नाही. चमच्यानं दिलेलं पचतं, तासाभरात दोन-अडीचशे मिली सहज जातं.

फळांच्या चवीचे गोड डबे ओआरएस समजून घेऊ नका. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या वेष्टनावर ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली, ती याच गोंधळामुळे. त्यातली जास्तीची साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. ग्लुकोज पावडर, कोल्ड्रिंक, डब्यातला ज्यूस यांचंही तेच. ताक, मीठ घातलेली भाताची पेज, वरणाचं पाणी उत्तम. अंगावरचं दूध एकदाही तोडू नका. मऊ भात, खिचडी, केळं चालू ठेवा. उपाशी ठेवलेल्या मुलाचं आतडं भरून यायला उलट वेळ लागतो.

सोबत झिंक. सहा महिन्यांपुढं रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांत १०, पूर्ण १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की घरचे झिंक बंद करतात, ही नेहमीची चूक. पुढच्या दोन-तीन महिन्यांत जुलाब पुन्हा होऊ नयेत, हा त्याचा अर्धा उपयोग, आणि तो उरलेल्या दिवसांतच मिळतो. जुलाब "बांधायची" मोठ्यांची गोळी मुलांना कधीच नको, आतड्याची हालचाल थांबून पोट फुगतं.

शीमध्ये रक्त, सहा-आठ तास लघवी नाही, रडताना पाणी नाही, डोळे खोल, बाळाची टाळू आत गेलेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर दोन सेकंदांनंतरही वर उभी, किंवा मूल पाणी प्यायलाही उठत नाही, तर चमचा बाजूला ठेवा आणि निघा.

पाण्याबद्दल थोडं. पूर येऊन गेला की पाइपांत काय शिरलंय ते दिसत नाही. २०१२ साली इचलकरंजीत दूषित पाण्यातून काविळीची मोठी साथ आली होती. लहान मुलांचं पिण्याचं पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट ठेवा आणि झाकून गार करा. कावीळ झालीच तर माळ, डोळ्यांतलं औषध, मनगटावर डाग देणं यातलं काही नको. मूल झोपाळू झालं, असंबद्ध बोलायला लागलं किंवा उलट्या थांबेनात तर त्याच दिवशी दाखवा.

खोकल्याकडं येऊ. घरोघरी औषधाची बाटली मागितली जाते, आणि नेमकं तेच देण्यासारखं नसतं. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात भेसळयुक्त कफ सिरपनं लहान मुलं दगावली. त्यानंतर केंद्राच्या आरोग्यसेवा संचालनालयानं सांगितलं की दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत, आणि पाच वर्षांखाली ती साधारणपणे देण्यासारखी नाहीत. औषध शुद्ध असलं तरी या वयात त्याचा फायदा दिसत नाही, गुंगी मात्र येते. एक वर्षापुढच्या मुलाला रात्री अर्धा चमचा मध द्या. एक वर्षाच्या आत मध चाटवूही नका, त्यातून बॉट्युलिझमचा (जंतूच्या विषानं स्नायू लुळे पडण्याचा) धोका असतो. नाक चोंदलं तर दूध पाजायच्या आधी सलाइनचे दोन-दोन थेंब पुरतात.

बाळाला शेगडीवर ओव्याची धुरी, नाकात तेलाचे थेंब, उशाशी कापराची पुरचुंडी: तिन्ही बंद करा. धुरानं आधीच सुजलेल्या बारीक श्वासनलिका आणखी आवळतात, तेल फुप्फुसात उतरतं, आणि तोंडात गेलेल्या कापरानं झटके येतात. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफ देताना भाजलेली मुलं दर पावसाळ्यात येतात, लहानांना ती नकोच.

खोकल्यात मोजायचा तो श्वास. मूल शांत किंवा झोपेत असताना, ताप उतरलेला असताना, उजेडात अंगातलं झबलं वर करा. छाती-पोट वर येऊन खाली गेलं की एक. फोनवर पूर्ण साठ सेकंद लावा, पंधरा सेकंद मोजून चौपट करू नका, कारण लहान बाळं मध्येच थांबत, मध्येच भरभर श्वास घेतात. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन ते अकरा महिने ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर तो न्यूमोनिया असू शकतो. त्याच वेळी बरगड्यांच्या खालच्या कडेकडं बघा. श्वास आत घेताना तिथं खड्डा पडत असेल, नाकपुड्या फुलत असतील, बाळ दूध ओढता ओढता सोडून देत असेल तर आकडा कितीही असो, वेळ घालवू नका. ओठ निळे दिसले तर थेट १०८. पोटावर बिब्बा घालण्यात किंवा डागण्यात गेलेला एकेक तास महागात पडतो.

अँटिबायोटिकची कोरडी पावडर दिली असेल तर ती घरी अशी कालवा: बाटली उलटी आपटून पावडर मोकळी करा, खुणेच्या निम्म्यापर्यंत उकळून गार केलेलं पाणी घाला, जोरात हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरून पुन्हा हलवा. फेसालाच खूण समजलं तर औषध दाट होतं आणि डोस वाढतो. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेट फ्रिजमध्ये ठेवायचं, दारात नाही, आणि सात दिवसांनी उरलेलं ओतून टाकायचं. मागच्या आजारातलं उरलेलं या आजाराला चालत नाही.

हात, पाय आणि तोंडातले फोड म्हणजे हँड-फूट-माउथ, २०२२ मध्ये बातम्यांत ज्याचा "टोमॅटो फ्लू" झाला होता. आठ-दहा दिवसांत जातो, अँटिबायोटिक लागत नाही. तोंड दुखतं म्हणून मूल पाणी सोडतं, तेवढंच सांभाळा: गार दूध, दही, ताक, तिखट-आंबट नाही. फोड सुकेपर्यंत शाळा नको. महिन्याभरानं नखं सुटून पडली तर घाबरू नका, नवीन येतात.

लसींमध्ये रोटाव्हायरस (सहा, दहा, चौदा आठवडे) आणि न्यूमोकोकल (सहा, चौदा आठवडे, नऊ महिने) सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. इन्फ्लुएंझाची लस सरकारी वेळापत्रकात नाही. ती पावसाळ्याआधी घेतलेली बरी, आणि लहान मुलांना पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतरानं दोन डोस लागतात.

दवाखाना बंद असताना वर सांगितलेलं कुठलंही लक्षण दिसलं तर सकाळपर्यंत थांबू नका. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा तातडीचा विभाग रात्रीही चालू असतो. निघताना तापाचा कागद, शेवटची लघवी किती वाजता झाली, कुठलं औषध किती मिली आणि केव्हा दिलं, आणि मुलाचं वजन, एवढं लिहून बाटल्यांसकट सोबत घ्या.